आईच्या विड्यांचं काय करायचं?

पत्र, थोडक्यात

नाशिकच्या सिडको भागातून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५३. आई जाऊन दहा महिने झाले. वर्षश्राद्धाच्या दिवशी वाटायला दादा स्मरणिका काढतोय आणि मुख्य लेख ताईंनी लिहावा असं घरात ठरलं. त्यांनी मन लावून लिहिला. आईचं माहेर सिन्नरचं. लहानपणी ती आई-बहिणींबरोबर विड्या वळायची. लग्न होऊन पंचवटीतल्या वाड्यात आली आणि नवरा आजारी पडल्यावर पुन्हा सूप मांडीवर घेतलं. दादाला आयटीआय करून सातपूरला नोकरी लागली तेव्हा ते सुटलं. ताई त्या वेळी तिसरीत होत्या. लेखात दोन ठिकाणी दादाने लाल फुली मारली. एक, विड्यांचा सगळा परिच्छेद. दुसरी, आई आणि तिच्या सासूबाई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, तो भाग. ‘आता आपलं बरं चाललंय, अंबडला स्वतःचं वर्कशॉप आहे, पोराच्या लग्नाचं बघतोय, कशाला ते उगाळायचं?’ असं दादाचं म्हणणं. त्याला हवाय ‘त्यागमूर्ती माउली’. ताई विचारतात, ‘खरी आई लिहू की दादाला हवी ती? आणि आणखी एक. मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. रडू येतं, पण आवाज येत नाही.’

उत्तर

ताई,

लेख पत्रासोबत पाठवलात ते बरं केलंत. नुसतं पत्र वाचून मी तुमची बाजू घेऊन मोकळी झाले असते. विड्यांचा परिच्छेद गाळू नये, हे माझं मत आधीच सांगून टाकते. पण तुम्ही तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचा, आणि त्यात आईबद्दलची वाक्यं किती आणि दादांबद्दलची किती, ते बघा.

आई पहाटे उठायची, पानं कापायची, दिव्याखाली वळत बसायची, एवढं आईचं. पुढचं सगळं दादांचं आहे. शाळेच्या वाटेवर डोक्यावर टोपलं घेऊन जाणारा सातवीतला मुलगा. माल तपासणारा मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला फेकायचा, त्या दिवशीची मजुरी कमी यायची आणि दादा तोंड लपवून घरी यायचा. तुम्ही लिहिलंय फार छान. पण तुम्ही तेव्हा दोन-अडीच वर्षांच्या होता. हे तुम्ही पाहिलेलं नाही, आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. तुमच्यासाठी ती आईच्या कष्टांची गोष्ट आहे. दादांसाठी ते त्यांचं स्वतःचं बालपण आहे, आणि ते तीनशे लोकांच्या हातात छापून जाणार आहे.

दादांना आईची लाज वाटते असं तुम्ही धरून चालला आहात. वाटतही असेल, मी त्यांना भेटलेले नाही. पण एवढं मात्र दिसतं की त्यांनी फुली मारलेल्या मजकुरात ते स्वतः उभे आहेत, आणि ते तुम्हाला दिसलेलं नाही. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या भावंडाने आपल्या आधीचं घर पाहिलेलं असतं. शेंडेफळाच्या वाट्याला पुष्कळदा त्या घराची गोष्ट तेवढी येते.

म्हणून माझी पहिली सूचना: टोपल्याचा भाग तुम्ही स्वतःहून काढा. दादांनी पुन्हा सांगण्याआधी काढा, आणि त्यांना तसं सांगा. ‘ते तुझं आहे, तुला कधी सांगावंसं वाटलं तर तू सांग.’ आईचं काम मात्र ठेवा. टोपल्यावर दादांचा हक्क आहे, आईच्या सुपावर नाही.

आणि ठेवायचं तर नीट ठेवा. तुमच्या लेखात पानं, दिवा आणि ‘विड्या वळून संसार केला’ एवढ्यात ते उरकलंय. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना यातून काहीच दिसत नाही. तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ ठेवायची. पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवून कातरीने त्या मापाचे तुकडे कापायचे. मांडीवर सूप. पानाच्या तुकड्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायची, तोंड नखाने आत दुमडायचं, दुसरं टोक दोऱ्याने बांधायचं. सैल झाली तर छाट, जाडी कमी-जास्त झाली तरी छाट. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तीच चिमूट आणि तोच दोरा, आणि मधे उठून भाकऱ्या, पाणी, आजारी नवरा, रांगणारी तुम्ही. त्यागमूर्ती वगैरे शब्द मग कोणाला घालायचेत ते घालू द्या, वाचणाऱ्याला जे कळायचं ते या हजारातून कळेल.

तंबाखूचा एक मुद्दा दादांच्या बाजूने येऊ शकतो. ज्या वस्तूने लोकांचं वाटोळं होतं ती बनवल्याचं काय सांगायचं? रास्त प्रश्न आहे. पण सिन्नर, संगमनेर, सोलापूर, निपाणी अशा गावांतून बायकांना घरबसल्या पोट भरायला जे काम मिळालं ते हे होतं. निवड त्यांना कोणी विचारली नव्हती. वळणाऱ्या बाईने तंबाखूची धूळ नाकात घेतली, नफा दुसरीकडे गेला. स्मरणिकेत हे भाषण नको, दादांशी बोलताना उपयोगी पडेल.

लग्नाच्या मुद्द्यावर एकच बोलते. आजीने पन्नास वर्षांपूर्वी विड्या वळल्या म्हणून मोडणारी सोयरीक मोडली, तर मला फारसं वाईट वाटणार नाही. पण मुलगा माझा नाही, तेव्हा गप्प बसते.

घरात जुने कागद असतील तर तेही बघा. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. विड्यांवर उपकर बसवून त्या पैशांतून कामगारांसाठी दवाखाने, घरांना मदत आणि मुलांना शिष्यवृत्त्या असं काम चालायचं. दादांचं शिक्षण नेमकं त्या काळातलं. त्यांना अशी शिष्यवृत्ती मिळाली होती का, हे घरात विचारा. विडी कामगारांना फोटो लावलेली ओळखपत्रंही मिळत. ट्रंकेच्या तळाशी असं एखादं सापडलं, तर कदाचित तो तुमच्या आईचा तिशीतला एकमेव फोटो असेल, लग्नाच्या घोळक्यातला नव्हे, तिचा एकटीचा. मिळाला तर स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तोच टाका.

आता मुख्य गोष्ट. आईला हे सांगितलेलं चाललं असतं का? तुम्ही पत्रात याचं उत्तर दिलंय आणि पुढे निघून गेलात. शेजारणींपाशी तिने कधी विडी हा शब्द काढला नाही, हे तुम्ही लिहिता. आणि चार ओळी खाली लिहिता की लॉकडाउनमध्ये तुमची मुलगी कंटाळली होती, तेव्हा आजीने वर्तमानपत्राचे कपटे केले, त्यात चहाची पूड घातली आणि बघता बघता ओळीने विड्या वळून ठेवल्या. मुलीने वळलेल्या प्रत्येक विडीला ‘छाट!’ म्हणून फेकून दिलं आणि दोघी हसत सुटल्या.

म्हणजे तिने कोणाला सांगायचं ते स्वतः ठरवलं होतं. शेजारणींना नाही, नातीला हो. आणि सांगताना ती रडली नाही. त्या तपासणाऱ्याची नक्कल केली. तुमच्या लेखातली आई कष्टाने वाकलेली आहे, मुलीच्या आठवणीतली आई आपल्या हातातली सफाई दाखवून तोरा मिरवते आहे. मला विचाराल तर विड्यांचा परिच्छेद तुमच्या मुलीला लिहू द्या. पुण्याहून फोनवर बोलून पाठवेल, तुम्ही उतरवून घ्या. आजीच्या बोटांबद्दल नातीने लिहिलेलं वाचून दादा काय म्हणतात ते बघा. बहिणीच्या मजकुरावर फुली मारणं सोपं असतं, भाचीच्या मजकुरावर तितकं नसतं. (ही थोडी चलाखी आहे, मान्य. पण ती गोष्ट सांगण्याचा हक्क खरोखरच तिच्याकडे आहे.)

‘खरी आई लिहू का?’ हा तुमचा प्रश्न मला म्हणूनच थोडा अडतो. तुमची आई म्हणजे सिडकोत आल्यानंतरची: रमीत लबाडी करणारी, मिश्री सोडता सोडता पाच वेळा पुन्हा धरणारी, तिखट जिभेची. दादांची आई त्याआधीची, आणि ती त्यांना एकाच विशेषणात बोलता येते. तुम्हाला ‘माउली’ या शब्दाचा राग येतो, कारण तुम्ही भाषेच्या शिक्षिका आहात. वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला आईबद्दल लिहायला बसवलं तर तो असाच एखादा मोठा, तयार शब्द उचलतो. त्याच्याकडे दुसरा नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही. तुमच्या मुलीची आजी आणखी तिसरी. या तिघींची मिळून एक आई तुम्ही एकाच लेखात करायला गेलात, आणि म्हणून सगळा वाद त्या एका लेखावर आला. तीन छोटे लेख करा, तिघांच्या नावांनी. एकमेकांशी जुळले नाहीत तरी चालतील. वाचणारा म्हणेल, बाई बरीच होती हो.

स्मरणिका नावाच्या प्रकाराबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. वर गणपती, खाली श्लोक, मधे हार घातलेला फोटो, मग ‘मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या’. दोन घरांच्या स्मरणिकांतले फोटो अदलाबदल केले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. असं होतं, कारण लोकांना आपण विचारतो, ‘दोन शब्द लिहून द्या.’ त्यापेक्षा प्रत्येकाला एकच विचारा: ‘तिचं तुमच्याकडे काय राहिलंय?’ कोणाकडे तिने दिलेलं लिंबाच्या लोणच्याचं माप असेल, कोणाकडे भिशीच्या वेळी तिने झापलेलं एखादं वाक्य, कोणाकडे परत न केलेली पातेली. चार ओळी आल्या तरी पुरे.

सासूबाईंबरोबरच्या अबोल्याबद्दल मात्र मी दादांच्या बाजूची आहे. स्मरणिकेत तो नको. विड्या हे आईचं काम होतं. अबोला दोघींचा होता, आणि दुसरीची बाजू सांगायला कोणी उरलेलं नाही. वर्षश्राद्धाला काका-काकू, चुलत भावंडं जेवायला बसणार, त्यांच्या हातात त्यांच्याच आजीविरुद्धचा छापील कागद द्यायचा नाही. पण विसरूही नका. घरच्यासाठी वेगळी वही करा, त्यात लिहा, आणि शक्य झालं तर काकूंना विचारून त्यांच्या सासूबाईंची बाजूही लिहा. एका चुलीवर दोन बायका वर्षानुवर्षं न बोलता कशा वावरल्या, मीठ संपल्याचं एकमेकींना कोणाच्या मार्फत कळवायच्या, हे तुमच्या नातवंडांना कधीतरी हवं असेल.

आता सगळ्यांत निकडीचं, ज्याचा तुमच्या पत्रात फक्त ओझरता उल्लेख आहे. सिन्नरची मावशी. शहात्तर वर्षांच्या आहेत, आईबरोबर एका सुपावर बसलेल्या शेवटच्या व्यक्ती. स्मरणिका एक महिना लांबली तर आभाळ कोसळणार नाही, मावशींकडे जाणं लांबवू नका. नाशिकहून सिन्नर ३० किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघून दुपारी जेवून परत येता येतं.

त्यांना ‘आई कशी होती?’ असं विचारू नका. त्या म्हणतील, ‘लई चांगली व्हती’, आणि डोळे पुसतील, संपलं. काम विचारा. पानं कोण आणायचं? कातर कोणाची होती? मजुरी कोणाच्या हातात पडायची, तुमच्या की वडिलांच्या? पहिल्या पैशांतून काय घेतलंत? कोणाचा हात जास्त चालायचा? शक्य असेल तर सूप, कातर आणि कागदाचे तुकडे समोर ठेवा. हात चालू झाले की तोंड आपोआप चालू होतं.

साल विचारू नका, त्यांना सांगता येणार नाही आणि उगाच अवघडतील. आपल्याकडच्या बायकांचं कॅलेंडर वेगळं असतं. १९६९ चा गोदावरीचा महापूर आधी की लग्न आधी? १९७२ च्या दुष्काळात कोण कुठे होतं, खडी फोडायला कोण गेलं होतं? थोरल्याचं बाळंतपण सिंहस्थाच्या आधी की नंतर? १९९१, २००३, २०१५ हे सिंहस्थ नाशिककरांच्या घरात पाहुण्यांच्या गर्दीसकट लक्षात असतात. या खुंट्यांना बाकीचं लटकवत गेलं की सनावळी बऱ्यापैकी जुळते.

फोनवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी विचारून. पंखा बंद ठेवा, फोन त्यांच्याजवळ उशीवर ठेवा, आणि सुरुवातीला तुम्हीच बोला: आज तारीख अमुक, मी मावशीकडे आहे, मावशीचं नाव हे. वीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला एवढं सांगणारं दुसरं कोणी नसेल. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका. नंतर उतरवून काढताना त्यांची बोली सुधारू नका; शिक्षकांना ही खोड असते म्हणून मुद्दाम सांगते. जुने फोटो न्या, चेहऱ्यांची नावं विचारा, आणि घरी आल्यावर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट त्याचा फोटो घ्या.

आवाजाचं. आई गेल्यावर आवाज आधी निसटतो, असं लिहिणारी पत्रं माझ्याकडे बऱ्याचदा येतात. यात तुमच्या प्रेमाची काही कसर नाही, तेव्हा त्यासाठी स्वतःला बोल लावू नका. पण तुमच्या बाबतीत आवाज गेलेलाच नाही. आई नातीला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवायची, असं तुम्हीच लिहिलंय. ते मुलीच्या फोनमध्ये असणार. तिला आजच सांगा: आजीचं चॅट उघडून मेनूतून मीडियासह एक्स्पोर्ट कर, आणि दोन ठिकाणी ठेव, एक ईमेलवर किंवा ड्राइव्हवर, एक घरातल्या पेन ड्राइव्हवर. फोन बदलताना, हरवताना, ‘स्टोरेज भरलं’ म्हणून साफ करताना असे मेसेज गेलेले आहेत.

आईचा फोन कपाटात बंद आहे म्हणता. तो रीसेट करून कोणाला देऊ नका. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जातं, आणि प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते. पुढे तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. दहा महिन्यांत तुमच्याकडे हे दोन्ही होऊन गेलं असेल. तरी फोनमधले फोटो, रेकॉर्डिंग, नंबरांची यादी जागेवर असू शकते, ती चार्ज करून उतरवून घ्या. ज्यांच्या घरी माणूस नुकतंच गेलंय त्यांनी निदान वर्षभर रिचार्ज चालू ठेवावा. आणि हो, आवाज ऐकण्याची तयारी झाली नसेल तर ऐकू नका. जपून ठेवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच दिवशी करायची नसतात.

गोदावरीवर, गंगाघाटावर दशक्रियेच्या वेळी तीर्थोपाध्यायांकडे गेला असाल. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या नावांची नोंद असते, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात आजोबा-बाप-मुलगा अशी ओळ मुख्यतः पुरुषांच्या नावांनी पुढे जाते. वर्षश्राद्धाला जाल तेव्हा नोंद वाचून दाखवायला सांगा आणि आईचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव नीट लिहून घ्या. दादांना यात काही खुपणार नाही.

आईच्या साड्यांचं काय करायचं, हेही विचारलंत: सुती आणि नेहमीच्या नेसण्यातल्या साड्यांच्या गोधड्या शिवून घ्या, एकेक सगळ्यांना. पैठणी मात्र मलमलच्या फडक्यात गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी मोडा, आणि जरीला डांबराच्या गोळ्या लागू देऊ नका, जर काळवंडते.

प्रेसवाल्याला मजकूर आधी द्यावा लागतो, तेव्हा हातात फार रविवार नाहीत. येत्या रविवारी सिन्नरला जा. दादांना विचारा, आणि विचारताना स्मरणिकेचं नाव काढू नका. ‘मावशीला भेटून येऊ’ एवढंच म्हणा. आले तर रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही मधे बोलू नका. टोपल्याचा विषय त्या दोघांत निघाला तर निघेल. नाही आले तर मुलीला पुण्याहून परस्पर सिन्नरला यायला सांगा, ते वाटेवरच आहे, आणि येताना जुनी वर्तमानपत्रं घेऊन ये म्हणावं.